सत्याच्या दिवशी उघडलेलं घड्याळ

निपाणीकडून वेदगंगेच्या काठाला उतरणाऱ्या वाटेवर बोरहट्टी हे गाव. गावात वेळ विचारायची झाली की लोक अक्काताईंच्या सोप्यात डोकावायचे. सोप्यातल्या भिंतीच्या देवळीत एक गजराचं घड्याळ असायचं. तळहातात मावेल एवढं, गोल, डोक्यावर वाटीसारखी घंटी. अक्काताईंचा मुलगा वर्धमान याच्या लग्नात सुनेच्या मामांनी ते कोल्हापुराहून आणलं होतं. चावडीवर सरकारी घड्याळ होतं, पण चावडीची पायरी चढून वेळ विचारण्यापेक्षा अक्काताईंच्या उंबऱ्यात उभं राहणं लोकांना सोपं वाटायचं.

बेचाळीस सालचा भादवा चालला होता. जैनांच्या घरी दशलक्षण पर्वाचे दिवस. अक्काताईंनी सगळे दिवस एकभुक्त धरलं होतं. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जायचं, पूजा, मग दुपारभर उपाध्यांचं प्रवचन, आणि घरी आल्यावर एकदाच काय ते जेवायचं, पाणीही तेव्हाच. पण दिवस मावळायच्या आत. एरवी अंगणातल्या उन्हाकडं बघून कुणीही सांगितलं असतं की दिवस किती उरलाय. त्या वर्षी मात्र आभाळ असं काही भरून राहिलं होतं की दुपारीच कोंबड्या खुराड्यात शिरायच्या. म्हणून अक्काताई ताटावर बसायच्या आधी घड्याळाकडं बघायच्या.

एके दिवशी त्यांनी बघितलं, तर घड्याळ बंद.

"राजमती, ह्याला किल्ली दिलीस न्हवं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"दिली की आत्या. सकाळीच दिली."

अक्काताईंनी घड्याळ कानाशी धरलं, हलवलं, परत ठेवलं. बाहेर जाऊन आभाळाकडं बघितलं. दिवस आहे की गेला ते काही कळेना. आत आल्या आणि वाढलेलं ताट पुढं सरकवून म्हणाल्या, "उचल. संशय आला की संपलं."

रागावल्या नाहीत, म्हणूनच राजमतीला जास्त लागलं. साठीला आलेली बाई, पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि उद्या पुन्हा बस्तीत ताठ बसणार. राजमतीनं मनात ठरवून टाकलं की उद्या आत्या बस्तीत गेल्या की घड्याळ आपण उघडायचं.

उघडायचं धाडस तिला कुठून आलं, तर कोल्हापुरात तिच्या माहेरच्या घरासमोर घड्याळाचं दुकान होतं. लहानपणी ती समोरच्या पायरीवर बसून तासन्‌तास बघायची. किल्ल्या कुठल्या बाजूला फिरवून काढतात, पाठीचं झाकण कसं सुटतं, तेलाचा थेंब कुठं सोडतात, हे तिनं नुसतं बघितलं होतं. हात कधी लावला नव्हता.

दुसरा काही उपायही नव्हता. निपाणीतला घड्याळजी होता, पण त्याला पोलीस घेऊन गेले होते. घाटाखाली रस्त्याच्या एका मोरीत पत्र्याचा डबा सापडला होता. डब्यात बंदुकीची दारू ठासलेली आणि वर एक घड्याळ बांधलेलं. तो उडाला नाही, पण त्या दिवसापासून त्या भागात घड्याळ हा शब्दसुद्धा लोक हळू आवाजात उच्चारायला लागले. आधीच गांधीजींना धरल्यापासून रोज काही ना काही कानावर येत होतं. कुठं तारा तोडल्या, कुठं टपालाची पेटी जाळली. बोरहट्टीतली पोरं रात्री कुठं जातात हे त्यांच्या आयाही विचारत नव्हत्या.

आणि वर्धमान घरी नव्हता. पर्व सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो "संकेश्वरला गुळाच्या कामाला जातो" म्हणून गेला होता. पर्वाच्या तोंडावर कोण गुळाच्या कामाला जातं? राजमतीनं विचारलं नाही. त्यानं तिच्याकडं बघितलं नव्हतं, आणि तो जेव्हा बघायचं टाळायचा तेव्हा विचारण्यात अर्थ नसायचा.

दुसरा दिवस उत्तम सत्याचा होता, पर्वातल्या दहा दिवसांपैकी खरं बोलण्याचा. अक्काताई पांढरं लुगडं नेसून बस्तीत गेल्या. राजमतीनं दाराला नुसती कडी लावली, स्वयंपाकघरात खिडकीखाली पाट मांडला, त्यावर धुतलेलं पांढरं फडकं पसरलं आणि घड्याळ त्यावर पालथं घातलं.

पाठीकडं बघताच तिला काहीतरी वेगळं वाटलं. घड्याळाच्या पाठीला दोन किल्ल्या होत्या, एक चालण्याची आणि एक गजराची. गजराच्या किल्लीच्या पंखावर कथलाचा एक थेंब चिकटलेला होता, वाटाण्याच्या फोलाएवढा. ती रोज किल्ली द्यायची ती चालण्याची. गजराची किल्ली महिनोन्‌महिने कुणी फिरवत नव्हतं, त्यामुळं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. कथलातून तांब्याच्या तारेचं बोटभर टोक बाहेर आलं होतं आणि झाकणाच्या फटीतून आत गेलं होतं.

तिला वाटलं, दुकानातच असं असेल. पण मामांनी आणलेलं घड्याळ तिनं स्वतःच्या हातानं पुसून देवळीत ठेवलं होतं. तेव्हा हे नव्हतं.

किल्ल्या काढल्या, सुरीच्या टोकानं स्क्रू सोडवले. स्क्रूंच्या खाचांवर आधीचे ओरखडे होते, पिवळे, ताजे. झाकण हातात आलं. आत पितळी चाकं एकमेकांत दात घालून गप्प उभी होती. आणि तळच्या चाकाच्या दातांत तारेचा एक तुकडा अडकला होता. नखाएवढाच, पण त्यावर लाल सुताचं वेष्टण होतं. तो कापताना आत पडला असणार आणि घड्याळ चालता चालता चाकापर्यंत सरकत आला असणार.

राजमतीनं तो तुकडा बघितला आणि तिच्या डोळ्यांपुढं एकेक गोष्ट येऊन उभी राहायला लागली. जायच्या आधी वर्धमानच्या अंगठ्याला भाजल्याचा फोड होता. "कंदिलाची काच लागली," म्हणाला होता. माडीवर दोन दिवस वास येत होता, राळ जाळल्यासारखा. तिनं विचारलं तर म्हणाला होता, तंबाखूच्या खोक्यांना डाग देतोय. आणि घाटाखालच्या मोरीतला तो डबा.

तो डबा ह्यांनी बांधला? हे घड्याळ शिकायला घेतलं आणि दुसरं तिथं लावलं? ज्या माणसाशेजारी ती रोज झोपत होती, जो मुंगी चिरडू नये म्हणून अंगण झाडल्याशिवाय खाट टाकू देत नसे, त्याच्या हातांनी हे केलं असेल, हे तिच्या मनात जाईना. आणि समोर तर ते होतं.

तेवढ्यात मागच्या दाराशी कुणीतरी हाक मारली.

"राजमती! गं राजमती!"

शेजारची अंबुबाई होती. तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. धापा टाकत दाराला धरून उभी राहिली.

"पोलीस आल्यात गावात. जमादार हाय, शिपाई हाईत. शाळंत शिरल्यात. मास्तराचं घड्याळ काढून घेतलं. आता विचारालेत, आणि कुणाकडं घड्याळ हाय म्हणून."

"मग?"

"मग काय मग! कुणीबी सांगंल की तुमचं नाव. गावाला ठावं हाय." अंबुबाईची नजर पाटावर गेली. सुटी पडलेली किल्ली, झाकण, उघडं घड्याळ. तिनं तोंडावर हात ठेवला. "अगं बया! हे काय करून बसलीयास?"

"बंद पडलंतं. आत्यांच्या जेवणासाठी…"

"तुझं तुला ठावं. पण ते जोड आधी. उघडं घड्याळ दिसलं की ते दुसरं काय बघणार न्हाईत." एवढं बोलून ती गेली. तिचं चुकलं नव्हतं. तिलाही घरदार होतं.

राजमतीनं कडी काढून बघितली. गल्ली रिकामी होती. इतकी रिकामी की तीच भीती वाटावी. कुठल्यातरी घराचं दार आतून लागल्याचा आवाज आला, मग आणखी एका घराचं.

ती परत पाटाशी बसली. आता घड्याळ दुरुस्त करायचं हा विचार मागं पडला होता. जे आहे ते नाहीसं करायचं होतं. सांडशीची टोकं जाड, म्हणून तिनं पायातला काटा काढायचा चिमटा घेतला. चिमटा चाकाला लागून टण्ण वाजायचा आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, गल्लीत ऐकू गेलं. डावा हात उजव्या मनगटाखाली घट्ट धरून तिनं तुकडा पकडला. ओढला. येईना. चाक नखानं एक दात मागं ढकललं, तसा सुटला, आणि त्याच क्षणी घड्याळ टिकटिकायला लागलं.

तिनं दचकून अंग मागं घेतलं. आतला केसासारखा बारीक कमानीचा फेर आत-बाहेर होत होता. जिवंत प्राणी श्वास घेतो तसा.

आता किल्ली. तारेचं टोक वाकवून वाकवून तुटलं, पण कथलाचा थेंब निघेना. सुरीनं खरवडला तर पांढरी रेघ उठून आणखी डोळ्यांत भरायला लागला. राजमतीला रडू यायला लागलं. मग तिला कल्हईवाला आठवला. भांडं तापवून कथील वितळलं की तो कापसाच्या बोळ्यानं एका झटक्यात ते फिरवायचा. तिनं चुलीतले निखारे पुढं ओढले, सांडशीत किल्ली धरली आणि निखाऱ्यावर नेली. थोड्या वेळानं कथील पाऱ्यासारखं चमकलं. तिनं फडक्यानं पुसलं. बोटं भाजली, पण थेंब गेला. किल्ली काळी पडली होती, ती चिंच आणि राखेनं घासली. घासताना तिला ऐकू आलं, गल्लीच्या तोंडाशी बुटांचा आवाज.

तार कुठं टाकायची? राखेत टाकली तर राख उकरतील. पाण्यात टाकली तर घागर उपडी करतील. आणि ही तार सापडली की पुढं काय होईल ते तिला दिसायला लागलं. सासूला चावडीवर नेऊन उभी करतील, नवऱ्याला हातकड्या घालतील. तिनं अंबाडा सोडला, तार आणि तो तुकडा केसांच्या बुडाशी गुंडाळला आणि वर आगवळाची दोरी घट्ट बांधून अंबाडा पुन्हा घातला. झाकण बसवलं. एक स्क्रू हातातून निसटला, चुलीपाशी घरंगळला, सापडला. दुसरा लागला. किल्ल्या बसवल्या. कुठली कुठं, हे क्षणभर आठवेना. घड्याळ उचलून ती सोप्यात आली, तर दारात अक्काताई उभ्या होत्या आणि त्यांच्या मागं पोलीस.

अक्काताईंना बहुधा बस्तीतूनच उठवून आणलं होतं. कपाळावर गंध ताजं होतं. त्यांनी सुनेकडं बघितलं, तिच्या हातातल्या घड्याळाकडं बघितलं, आणि चेहऱ्यावर काही न दाखवता आत येऊन खांबाशी उभ्या राहिल्या. पाठोपाठ पोलीस पाटील नागोजी आला. गावचाच माणूस, मान खाली. मग जमादार, धारवाडकडचा, जाड मिशांचा. शिपाई अंगणात पांगले.

"बा इल्ली," जमादार राजमतीला म्हणाला. मग आपणच मराठीत फोड केली, "इकडं ये. ते घड्याळ तिथं ठेव. खाली. हां, आता मागं हो."

तिनं घड्याळ जमिनीवर ठेवलं. टिकटिक चालली होती. जमादार जवळ आला नाही. उंबऱ्यापाशीच उभा राहून त्यानं मान पुढं काढली. तेव्हा राजमतीच्या लक्षात आलं की हा माणूससुद्धा त्या घड्याळाला भितोय. त्यानं तिला बरं वाटलं नाही. भ्यालेल्या माणसाच्या हातात काठी असली की काय होतं, ते तिनं कोल्हापुरात एकदा बघितलं होतं.

"नवऱ्याचं नाव काय?"

राजमतीनं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? नागोजीच मध्ये बोलला, "वर्धमान, सायेब. वर्धमान बाहुबली. तंबाखूचा व्यापार हाय त्येंचा."

"कुठं हाय तो?"

राजमतीच्या ओठावर संकेश्वर आलं होतं. पण संकेश्वरला माणूस पाठवायला कितीसा वेळ लागतो? ती थांबली. आणि तेवढ्यात अक्काताई कन्नडमध्ये बोलायला लागल्या.

त्या घरात कन्नड सगळ्यांना येत होतं, फक्त राजमतीला नाही. बाजारापुरते चार शब्द ती शिकली होती. अक्काताई संथ बोलत होत्या, दूरच्या पाहुण्याशी बोलावं तसं. जमादारानं काहीतरी विचारलं. अक्काताईंनी उत्तर दिलं. राजमती त्यांच्या तोंडाकडं बघत एकेक शब्द पकडायला धडपडत होती. 'मगा' म्हणजे मुलगा, एवढं कळलं. मग कानावर आलं, 'बेळगोळ'.

श्रवणबेळगोळ! आत्या सांगत होत्या की मुलगा पर्वाला श्रवणबेळगोळला गेलाय. उत्तम सत्याच्या दिवशी, कपाळावर गंध असताना. राजमतीच्या अंगावर काटा आला. आत्यांना माहीत होतं. सगळं नसेल, पण काहीतरी.

जमादार नागोजीकडं वळला. "पाटील, खरं हाय हे?"

वर्धमान घरातून गेला त्या दिवशी नागोजीनं त्याला पाहिलं होतं. निपाणीच्या उलट दिशेला, कागलच्या वाटेला लागताना. राजमतीला ते ठाऊक होतं, कारण नागोजीच्या बायकोनं विहिरीवर ते बोलून दाखवलं होतं. नागोजीनं पागोट्यावर हात फिरवला. अंगणातला शिपाई खाकरला. त्या एवढ्याशा वेळात राजमतीला केसांच्या मुळाशी तार टोचायला लागली.

"व्हय सायेब," नागोजी म्हणाला. "बेळगोळलाच गेलाय. मला सांगून गेलता."

जमादारानं हुंकार दिला आणि काठीच्या टोकानं घड्याळ पालथं केलं. काठी लांब धरून. मग वाकून बघितलं.

"हे उघडलंय कुणीतरी. स्क्रू खरडलाय. आणि ही एक किल्ली काळी, एक पिवळी."

अक्काताईंची नजर सुनेकडं गेली.

"मी उघडलं," राजमती म्हणाली.

"तू? बाईमाणूस घड्याळ उघडतंय?"

"बंद पडलंतं. आत्यांना दिवस मावळायच्या आत जेवावं लागतं. काल त्या उपाशी ऱ्हायल्या. म्हणून उघडलं. किल्ली फिरंना, म्हणून तापवून बघितली."

"खोटं! हे तुझ्या नवऱ्याचं काम हाय. उघड बघू माझ्यासमोर. उघड! न्हाई आलं तर चल चावडीवर, तू आणि ही म्हातारी दोघी."

राजमती खाली बसली. तिनं सुरी मागितली, तेलाची वाटी आणि समईतली कोरी फुलवात मागितली. अक्काताईंनी आणून दिली. किल्ल्या काढल्या, स्क्रू काढले. मघाशी केलेलं होतं म्हणून हाताला ठाऊक होतं, नाहीतर त्या नजरेखाली तिला कवाडाची कडीसुद्धा काढता आली नसती. झाकण निघालं. जमादार पहिल्यांदाच उंबऱ्यापासून पुढं आला आणि तिच्या खांद्यावरून वाकून आत बघायला लागला. त्याच्या श्वासाला विड्याचा वास होता.

आणि मग तिला ते दिसलं. चाकाच्या मागच्या खांबाला लाल सुताचा एक धागा चिकटला होता. तारेवरच्या वेष्टणाचा. घाईत तो राहून गेला होता. पितळेच्या पिवळ्या रंगावर तो कुंकवासारखा उठून दिसत होता.

धाग्याकडं बघायचं नव्हतं, आणि दुसरीकडं बघताही येत नव्हतं. फुलवात तेलात बुडवली. "इथं तेल सोडायचं असतंय," ती म्हणाली, "म्हणजे चाक अडत न्हाई." फुलवात आधी वरच्या चाकाला टेकवली, मग दुसऱ्या. मग हळूच त्या खांबाशी नेली आणि फिरवली. ओल्या कापसाला धागा लागला. ती पुढच्या चाकाकडं गेली, तिथंही तेल सोडलं, आणि मग वात मुठीत घेऊन चुरगाळली.

"काय दिसलं सायेब?" नागोजीनं विचारलं.

"चाकं," जमादार म्हणाला. "गजर वाजवून दाखव."

हेच राहिलं होतं. झाकण लावून तिनं गजराची किल्ली फिरवली. फिरली. मागचं बोंड फिरवून गजराचा छोटा काटा सरकवत सरकवत आणला. काही होईना. जमादाराची काठी जमिनीवर टक टक करायला लागली. राजमतीला वाटलं, तापवून किल्ली बिघडली, आता झालं. ती बोंड फिरवत राहिली, आणि एकदम हातातल्या हातात घड्याळ किंचाळलं.

अंगणातला एक शिपाई खाली बसला. दुसरा तुळशीच्या कट्ट्याआड गेला. जमादार दोन पावलं मागं सरकताना उंबऱ्याला ठेचकाळला आणि नागोजीनं त्याला धरलं. घंटी खणखणत राहिली, थांबेपर्यंत कुणी हललं नाही. हसण्यासारखं होतं, पण हसलं कुणी नाही. राजमतीचा एवढा वेळ अडवलेला हुंदका बाहेर पडला आणि ती घड्याळ पोटाशी धरून रडायला लागली.

तिच्या रडण्यानं असो की स्वतःच्या शरमेनं, जमादाराचा आवाज उतरला. माडी बघितली, वखारीतली खोकी उपडी केली, राखेत काठी फिरवली. काही मिळालं नाही. जाताना घड्याळ मात्र घेतलं. शिपायानं ते फडक्यात गुंडाळून हाताच्या अंतरावर धरलं आणि ते गेले.

दार लावून अक्काताई पाटावर बसल्या. बाहेर अंधारून आलं होतं. दिवस होता की गेला होता, सांगायला आता घरात काहीच नव्हतं.

"आत्या, जेवून घ्या. अजून उजेड हाय."

"नको."

राजमतीनं अंबाडा सोडला आणि तार काढून त्यांच्यापुढं ठेवली. अक्काताईंनी ती हातात घेतली नाही. नुसती बघितली.

"माडीवरनं वास यायचा," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, इचारलं तर सांगंल, आणि सांगितलं की मला ठावं हाय असं हुईल. म्हणून इचारलं न्हाई." मग म्हणाल्या, "खोटं मी बोलले. घास मी सोडते. तू जेव."

राजमतीही जेवली नाही. दोघी तशाच बसून राहिल्या. पोलीस परत येतील म्हणून कान दाराकडं लागलेले. ते परत आले नाहीत, पण पुढचे कितीतरी दिवस गल्लीत बुटाचा आवाज आला की राजमतीचा हात आपोआप अंबाड्यावर जायचा. ती तार तिनं दुसऱ्याच दिवशी विहिरीत टाकली होती, तरी.

पर्व संपलं. दसऱ्याच्या सुमाराला अंबुबाई वखारीतून निरोप घेऊन आली. वर्धमान कागलात होता, मावशीच्या घरी. कागल कोल्हापूर संस्थानात, तिथं इंग्रजांचे पोलीस सहजासहजी शिरत नसत. अक्काताईंनी मावशीला बरं नाही अशी आवई उठवली आणि दोघी बैलगाडीनं निघाल्या. घाटाखालची ती मोरी वाटेत लागली. राजमतीनं डोळे मिटून घेतले.

वर्धमान वाळला होता. आईच्या पाया पडला, अक्काताईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या बहिणीशी बोलायला आत गेल्या. परसात केळीपाशी तो आणि राजमती दोघंच उरली. तिनं घडलेलं सगळं सांगितलं. तार, किल्ली, लाल धागा. तो ऐकताना एकदा हसायला गेला आणि थांबला.

"तो डबा तुमचा हुता?" तिनं विचारलं.

त्यानं मान डोलावली. "आमचा."

"त्या वाटेनं बाजाराच्या गाड्या जात्यात. आम्ही आता त्याच वाटेनं आलो."

"ठावं हाय."

"मग?"

तो बराच वेळ केळीच्या सोपटाची साल सोलत राहिला. राजमती त्याच्या हातांकडं बघत होती. एवढे दिवस तिला पोलिसांची भीती वाटली होती. आता त्या हातांची वाटत होती, आणि ती भीती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

"सरकारी मोटार यायची हुती," तो म्हणाला. "मला लांब बसून बघायला सांगितलंतं. मोटार आलीच न्हाई. गाडी आली. बाजारची. बायका हुत्या, गाणं म्हणत हुत्या. घड्याळ तर चालूच. मी पळत गेलो आणि तार उपटली. पोरं म्हणाली, भ्यालास. सगळ्यांचा जीव धोक्यात घातलास." त्यानं वर बघितलं. "खरं हाय. भ्यालो. लई भ्यालो, राजमती. तार धरली तवा हात असा हलत हुता, की…"

राजमतीनं त्याचा हात धरला नाही. तेवढं अजून जमत नव्हतं. पण ती उठलीही नाही. परसात तिथंच, त्याच्या शेजारच्या दगडावर बसून राहिली.

परतीच्या वाटेवर गाडी संथ चालली होती. गाडीवान पुढं तंबाखू मळत होता. अक्काताईंनी सुनेकडं न बघताच विचारलं, "काय म्हणाला?"

"बाजारची गाडी आली, बायका हुत्या, म्हणून तार उपटली. भ्यालो म्हणाले."

अक्काताईंनी मागं पडत चाललेल्या वाटेकडं बघितलं. मग पदर डोक्यावर ओढून घेत म्हणाल्या, "बरं झालं." आणि गाडीवानाला हाक मारून सांगितलं, उतार आलाय, बैल जरा आवरून धर.